आकड्याला पाणी कसं द्यायचं?

काशीत पौरोहित्य करणाऱ्याचं निम्मं काम नावं विचारण्याचं. बापाचं, आज्याचं, पणज्याचं. मग आई, आजी, पणजी. मग आजोळच्या पिढ्या. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप लावायची मुभा आहे. तिथी ठाऊक नसली तर सर्वपित्री अमावास्या आहे. नाव ठाऊक नसलं तरी शास्त्राने वाट ठेवलेली आहे, पण ती धरताना समोरच्याचा चेहरा पडतो. हातात दर्भ घेऊन बसलेल्या माणसाला आपल्याच घरातलं नाव सांगता येऊ नये, हे फार लागतं.

मी लिहितोय ते ज्यांची नावं घरच्यांना सांगता येत नाहीत, पण सरकारी कागदांत आजही आहेत, अशा मराठी शिपायांबद्दल. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेले. बसऱ्याच्या स्मारकावर त्यांचा आकडा कोरलेला आहे. नावं त्यांच्या गावच्या दगडावर, देवनागरीत, यायला हवीत आणि हे काम महाराष्ट्राने अंगावर घ्यायला हवं, एवढंच माझं म्हणणं. स्मारक सांभाळणारं ब्रिटनमधलं कमिशन करील म्हणून वाट बघत बसायचं कारण नाही.

आमचं घर ब्रह्माघाटाजवळ, जुन्या मराठी वस्तीत. बीएचयूत प्राचीन इतिहासात एम. ए. केलं, पण पोट पौरोहित्यावर चाललं. पितृपक्षात मी अहिल्याबाई घाटावर बसतो. मागे एका घातचतुर्दशीला साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात, ती ही तिथी. पूर उतरत होता. खालच्या पायऱ्या अजून पाण्यात होत्या, वरच्यांवर गाळ होता आणि पंपाच्या पाण्याने तो धुऊन काढण्याचं काम चाललं होतं. शीतला घाटावरून कडेकडेने येण्याची वाट बंद, म्हणून मंडळी गल्लीतून, होळकर वाड्याच्या अंगाने उतरून आली.

“गुरुजी, आमच्या आज्याचा थोरला भाऊ बसऱ्याला मेला,” म्हातारबा म्हणाले.

“नाव काय त्यांचं?”

“थोरलं आण्णा म्हणायचे सगळी. खरं नाव कुणालाच ठावं नाही.”

मग त्यांच्या सुनेने पिशवीतून रुमालात बांधलेलं एक पदक काढलं. चांदीचं, जुन्या रुपयापेक्षा थोडं मोठं, काळं पडलेलं. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. “दसऱ्याला शस्त्रांसंगं पुजतो आम्ही,” ती म्हणाली. मी विचारलं, “ताई, याची कड बघितलीत का कधी?” कुणीच बघितली नव्हती. भस्माची चिमूट घेऊन तिने कड घासली, मुलाने मोबाइलची बत्ती धरली आणि बारीक इंग्रजी अक्षरं वर आली. नंबर, सिपॉय, मग नाव, मग ११४ मराठाज. ते नाव मी इथे देत नाही, ते त्या घरचं आहे. म्हातारबांनी ते संकल्पात उच्चारलं आणि पुढचं सगळं नेहमीसारखं पार पडलं.

थोरला आण्णा नेमका कुठे पडला, हे पदक सांगत नाही. पण ११४वी मराठा पलटण म्हटलं की शर्कत आलंच.

शर्कत हे तिग्रिस नदीकाठचं गाव, मोसुलच्या दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर. आम्ही पुस्तकातून शिकलो ते अश्शूर शहर म्हणजे याच्या शेजारची टेकाडं. काशीसारखंच नदीच्या पश्चिम तीरावर, उंच कड्यावर, उगवतीकडे तोंड करून वसलेलं. शहराचं नाव आणि देवाचं नाव एकच, अश्शूर. त्याच नावावरून पुढे असिरियाचं साम्राज्य ओळखलं गेलं.

साम्राज्याआधी मात्र हे व्यापाऱ्यांचं गाव होतं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी इथले सावकार गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि कापड लादून आजच्या तुर्कस्तानातल्या कानेशपर्यंत जात. त्यांच्या पत्रांच्या मातीच्या पाट्या कानेशला सापडल्या, वीस हजारांहून जास्त. अश्शूरला राहिलेल्या बायका घरी कापड विणत, परगावच्या नवऱ्याकडे पाठवत आणि पैसे वेळेवर आले नाहीत की पत्रातून खडसावत. ही माणसं मला पुढच्या काळात निनवेहून राज्य करणाऱ्या असिरियन राजांपेक्षा जवळची वाटतात.

इसवीसनापूर्वी ६१४ साली इराणकडच्या मीड लोकांनी अश्शूर जिंकून उद्ध्वस्त केलं. बाबिलोनचा राजा नबोपोलस्सर मदतीला निघाला होता, तो पोचला तेव्हा शहर पडून गेलं होतं. त्या भग्न शहरासमोरच त्याने मीड राजाशी तह केला आणि दोन वर्षांत दोघांनी मिळून निनवे घेतलं. १९०३ ते १९१४ या काळात वाल्टर आंद्रे या जर्मन पुराविदाने अश्शूर खणून काढलं. खोदकाम थांबल्यावर चारच वर्षांनी त्या पंचक्रोशीत तोफा धडाडल्या.

१९१८चा ऑक्टोबर. तुर्की साम्राज्य टेकीला आलं होतं, तहाची बोलणी कधीही सुरू होतील अशी अवस्था होती. त्याआधी तिग्रिसच्या काठाने जेवढा मुलूख मिळेल तेवढा घ्यायचा, हा लंडनचा हिशेब. त्यात मोसुलच्या तेलाचाही वास होता. जनरल कॉबच्या हाताखालच्या फौजेने २३ ऑक्टोबरला चढाई सुरू केली. इस्माईल हक्की बेची तुर्की फौज एकेक फळी सोडत शर्कतला येऊन थांबली. घोडदळाने वरच्या अंगाला नदी ओलांडून मोसुलची वाट तोडली आणि खालून सतरावी हिंदी डिव्हिजन ओढेघळींनी फाटलेल्या रानातून, पाण्याच्या टंचाईत, कूच करत आली. ११४वी मराठा पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. २९ तारखेला ही दमलेली पायदळं हल्ल्याला उतरली. ३०च्या सकाळी हक्की बेने शस्त्रं ठेवली. सुमारे ११,३०० कैदी आणि ५१ तोफा हाती आल्या, तर ब्रिटिश बाजूचे मृत आणि जखमी मिळून १,८००हून अधिक. त्याच ३० ऑक्टोबरला मुद्रोसच्या बंदरात युद्धविरामावर सह्या झाल्या. म्हणजे २९ला पडलेला शिपाई त्या सह्यांच्या आदल्या दिवशी पडला.

या एका लढाईत ११४व्या पलटणीने २८ शौर्यपदकं मिळवली. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात शर्कत युद्धस्मारक आहे, नवे जवान आजही तिथे सलामी देतात. पलटणीने आठवण ठेवली. बाहेरच्या मराठी समाजाला शर्कत हे नाव विचारून बघा. पानिपतावर रात्रभर बोलू शकणारा माणूसही गप्प बसेल.

शर्कतच्या आधीही मराठे त्या देशात होतेच. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून गेल्या होत्या. १९१५च्या नोव्हेंबरात टेसिफॉनला, ससानी राजांच्या प्रचंड कमानीच्या परिसरात, त्या लढल्या. मग माघार घेऊन कुत-अल-अमारात अडकल्या. वेढा २९ एप्रिल १९१६ला संपला तो शरणागतीने. धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले. घोड्याचं मांस खायला अनेक हिंदी शिपायांनी बरेच दिवस नकार दिला. धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवावी लागली. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली आणि त्यांतली कितीतरी वाळवंटातल्या वाटचालीत आणि छावण्यांत मेली. एकूण साडेपाच लाखांहून अधिक हिंदी माणसं मेसोपोटेमियात गेली आणि त्यांतली जवळपास निम्मी बिनलढाऊ होती. भिश्ती, हमाल, खेचरवाले, स्वयंपाकी. घराघरांत या सगळ्याला मिळून एकच नाव उरलं, बसरा.

आता त्या स्मारकाकडे येऊ. १९१७ साली इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं ते हुद्दा, वंश, धर्म न बघता प्रत्येक मृताची आठवण त्याच्या नावाने राखायची, या तत्त्वावर. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर ४,७००हून अधिक हिंदी सैनिकांची नावं रीतसर कोरली गेली. १९२९ साली उभ्या राहिलेल्या बसऱ्याच्या स्मारकात मात्र तत्त्व बदललं. ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा ४० हजारांहून अधिक मृतांचं ते स्मारक. ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. गंमत अशी की याच सरकारने मृताच्या घरी जी काशाची मोठी चकती पाठवली, तिच्यावर मुद्दाम हुद्दा घातला नव्हता, कारण बलिदान सगळ्यांचं सारखं. चकतीवर सारखं असलेलं बलिदान दगडावर गेल्यावर कमी-जास्त झालं. १९९७मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारक बंदरावरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, बसऱ्यापासून ३२ किलोमीटरवर, नेलं गेलं. कमिशनने एप्रिल २०२१मध्ये या भेदभावाचा अहवाल काढला आणि जाहीर माफी मागितली. माफी चांगली गोष्ट आहे. ती मिळाली म्हणून थोरल्या आण्णाचं नाव त्याच्या घराला सापडलं नाही; ते पदकाच्या कडेवर सापडलं.

मला याहून जास्त खुपतं ते ज्या भूमीत हे घडलं तिचा स्वतःचा रिवाज आठवला की. अश्शूरच्या खोदकामात घरांच्या जमिनीखाली विटांच्या कमानी घातलेली कौटुंबिक थडगी मिळाली. मेलेला माणूस घराखालीच असे आणि घर त्याला जेवू घाली. किस्पू म्हणत त्या विधीला. महिन्याच्या अखेरीला, चंद्र दिसेनासा होई तेव्हा, अन्न ठेवायचं, पाणी ओतायचं आणि पूर्वजांची नावं घ्यायची. ज्याला पाणी देणारं आणि नाव घेणारं कुणी नाही तो भुकेला भटकतो, अशी समजूत होती. ही भीती इतकी खरी होती की असिरियाचा राजा अश्शूरबनिपाल याने सुसा शहर लुटल्यावर तिथल्या राजांच्या कबरी फोडल्या आणि त्यांच्या आत्म्यांचं अन्नपाणी आपण तोडलं, अशी फुशारकी कोरून ठेवली. शत्रूला याहून मोठी शिक्षा त्याला सुचली नाही.

उलटं उदाहरणही तिथलंच आहे. हम्मुराबीच्या वंशातला अम्मिसदुका हा बाबिलोनचा राजा सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या किस्पूची मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आधी पूर्वजांची ओळीने नावं. मग नोंद राहून गेलेल्या घराण्यांना बोलावणं. मग धन्याच्या कामी मोहिमेवर पडलेल्या शिपायाला. शेवटी, उगवतीपासून मावळतीपर्यंत ज्याला ज्याला विचारणारं कुणी नाही त्या प्रत्येकाला. या, खा, प्या, असा एकूण मतलब. आमच्या तर्पणातही घरची नावं संपली की ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी ओंजळ सोडतो, त्यामुळे ही पाटी मला परकी वाटली नाही. त्या राजाच्या देशात, त्याच्याहून किती तरी प्रगत म्हणवणाऱ्या राजवटीने, आपल्याच कामी पडलेल्या शिपायांची बेरीज करून दगडावर लिहिली.

आपण काय केलं, हा पुढचा प्रश्न. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावं आहेत, पण ते स्मारक त्याच्या कितीतरी पट मृतांचं आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. देशावर आणि कोकणात कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत तेव्हाची संगमरवरी पाटी दिसते: १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. तिथेही आकडाच. गावातल्या पोरांना ती पाटी कशाची हेही ठाऊक नसतं.

नावं विसरली जायला घरच्यांचा निष्काळजीपणा कारण होता, असं मी म्हणणार नाही. ज्या ऑक्टोबरात शर्कतची लढाई झाली त्याच ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाने माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती आणि पावसाने दगा दिला होता. मृत्यूची खबर येईपर्यंत ती ऐकणारी आई किंवा बायको जिवंत असेलच असं नव्हतं. महिना ११ रुपयांसाठी गेलेला पोरगा बसऱ्याला राहिला, मागे राहिलेली गावात गेली, आणि उरलेल्या लहानग्यांना ‘थोरला आण्णा’ एवढंच माहीत.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला, ही माणसं पगारासाठी, साहेबाच्या साम्राज्यासाठी, परक्या देशात लढली. त्यांचा कसला गौरव? आक्षेपात तथ्य आहे. त्या मोहिमेने इराकी लोकांवर नवी परकी सत्ता बसवली, आणि त्या रानात पडलेले तुर्की आणि अरब शिपाईही कुणाचे तरी थोरले आण्णा होते. पण मी गौरव मागत नाही. घाटावर बसून मी व्यसनी बापाला, कर्जबुडव्या काकाला, घर सोडून गेलेल्या भावाला पाणी देताना माणसं बघतो. पाणी देताना मेलेल्याची योग्यता तपासायची नसते, तो आपला होता एवढं पुरतं. शिवाय नावं समोर आली की साम्राज्याचा हिशेबही नीट मांडता येतो. ‘हजारो मेले’ हे वाक्य साहेबाला सोयीचं होतं. एका गावच्या भिंतीवर एकाच भावकीची तीन नावं ओळीने दिसली की मुलं आपणच विचारतील, हे तिकडे गेले कशाला?

दुसरा आक्षेप असा की मग काशीला, गयेला सामुदायिक तर्पण करा आणि मोकळे व्हा. मी पोटासाठी हेच करतो, तरी सांगतो, यावर भागवू नका. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. त्यांच्या नावाला माझा तीळ-दर्भ कामाचा नाही. दगड सगळ्यांना चालतो. विधी ज्याचा त्याने करावा, नाव मात्र गावाने लिहावं.

ज्या घाटावर बसून हे सुचलं तो बांधणारीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. अहिल्याबाईंचा नवरा, खंडेराव, १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेला. पुढे जवळपास तीस वर्षांच्या कारभारात त्यांनी काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० साली पुन्हा उभं केलं, मणिकर्णिका घाट बांधून काढला, आणि गयेला जिथे सगळा हिंदुस्थान पिंड ठेवायला जातो तिथलं विष्णुपदाचं मंदिर १७८७ साली नव्याने बांधलं. एका चौंडीच्या मुलीने परमुलखात, मेलेल्यांच्या सोयीसाठी, एवढा दगड लावला. आज तिच्या नावाने जिल्हा आहे, पुतळे आहेत, योजना आहेत. तिच्या नावाने एखादं काम करायचंच असेल तर हे करण्याजोगं आहे.

आणि ते अवघड नाही. कमिशनच्या संगणकीय यादीत यातली पुष्कळ नावं आता शोधता येतात. नंबर, पलटण, तारीख, काही ठिकाणी बापाचं नाव आणि गाव. अडचण लिपीची आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. त्या अक्षरांतून शिंदे की शेंडे, वाई की वाही, खेड तालुका पुण्याचा की रत्नागिरीचा, हे कमिशनच्या संगणकाला कळणार नाही. गावच्या म्हाताऱ्याला, तलाठ्याला, भावकीची माहिती असलेल्या गुरवाला कळेल. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी तालुकावार याद्या देवनागरीत उतरवाव्यात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी त्या ग्रामसभेत वाचायला पाठवाव्यात, गावाने दुरुस्त कराव्यात आणि जुन्या पाटीखाली नवी पाटी बसवावी. जुनी काढू नका; आकडा कुणी लिहिला आणि नावं कुणी, हे पुढच्यांना दिसू द्या.

घाई मात्र हवी. चांदी महाग झाली आहे आणि ही पदकं सोनाराच्या मुशीत जातात, कडेवरच्या नावासकट. ‘थोरला आण्णा म्हणजे हाच’ असं यादीवर बोट ठेवून सांगणारी नातवंडं आता ऐंशीच्या घरात आहेत. सगळ्या महाराष्ट्राचं एकदम घेऊ नका, समित्या नेमण्यातच ती माणसं जातील. साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा एक तालुका घ्या, आणि पुढच्या घातचतुर्दशीच्या आत त्याची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा.